साखळी तोडताना जोडलेली माणसे

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा आकड्यांत लिहिला जातो. लागण किती जणांना झाली, किती दगावले, साथ कोठून आली आणि कोठे ओसरली, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो संपला असे मानले जाते. भारतातील एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्याचाही असा इतिहास उपलब्ध आहे आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या आकड्यांच्या आड दुसरा एक इतिहास आहे व त्याकडे साहित्याच्या आणि समाजाच्या अभ्यासकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही. संसर्गाची साखळी तोडण्यासाठी जे कार्यकर्ते वस्त्यांत, स्थानकांवर, उद्यानांत आणि महामार्गांच्या कडेला फिरले, त्यांच्या फिरण्यातून माणसांची एक निराळीच साखळी तयार झाली. तिची एक टोके सहकारी पतपेढीत, दुसरी उच्च न्यायालयात, तिसरी पेटंट कार्यालयात आणि आणखी एक आत्मचरित्राच्या पानांत जाऊन पोहोचली. यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही आरोग्ययोजनेच्या उद्दिष्टांत नमूद नव्हती.

हे घडले कसे, याचा उलगडा एका विसंगतीत आहे. प्रतिबंधाच्या कार्याला औषधापेक्षाही आधी विश्वासाची गरज होती. शिरेतून हेरॉईन घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, वस्तीत नव्याने आलेली मुलगी, रात्री उद्यानात पुरुषाला भेटणारा तरुण, हे कोणी सरकारी डॉक्टरचे ऐकणार नव्हते. ते ऐकणार होते आपल्यासारख्याच माणसाचे. म्हणून शासनाला आणि संस्थांना त्या वस्तीतलीच माणसे कामाला घ्यावी लागली. आणि ही तीच माणसे होती, की ज्यांच्यामागे शासनाचे दुसरे हात, म्हणजे पोलीस आणि कायदा, लागलेले होते. आरोग्य खात्याचा विश्वासू आणि गृह खात्याचा आरोपी एकाच देहात वावरू लागला. पुढे जे अनपेक्षित संबंध जुळले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या अवघड जागी सापडते.

१

आरंभी विश्वासाचा मागमूस नव्हता. १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद झाली. ते रक्ताचे नमुने शरीरविक्रयाच्या आरोपावरून सरकारी गृहात ठेवलेल्या स्त्रियांचे होते. संशोधन मोलाचे होते. पण त्यातून समाजाने घेतलेला अर्थ असा, की रोग ‘त्यांचा’ आहे आणि त्यांना दूर ठेवले म्हणजे पुरे.

या समजुतीची परिणती गोव्यात दिसली. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा अपराध एवढाच, की त्याने स्वेच्छेने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात विषाणू आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लूसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायद्यातील विलगीकरणाची तरतूद मूलतः अवैध ठरवली नाही. मात्र डॉमिनिकची सुटका झाली आणि पुढे रुग्णाला सक्तीने डांबण्याची पद्धत मागे पडली.

या प्रकरणातून दोन धागे निघाले. डॉमिनिक हा इझाबेल द सांता रिता व्हाझ यांच्या नाट्यसंस्थेतील कलावंत होता. त्याच्या सुटकेसाठी जे मित्र उभे राहिले, त्यांत रंगभूमीवरचे सोबती होते आणि ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था १९९२ मध्ये याच मैत्रीतून उभी राहिली. त्याच वर्षी डॉमिनिकचा मृत्यू झाला. दुसरा धागा वकिलीचा. त्याची बाजू मांडणारे आनंद ग्रोव्हर आणि त्यांची ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था यापुढे एचआयव्हीच्या प्रश्नाशी कायमची बांधली गेली. गोव्यातील एका रक्तदात्याच्या कैदेपासून निघालेली ही वाट पुढे कोठवर गेली, ते यथाक्रम दिसेल.

२

विश्वासाचा पहिला मोठा प्रयोग कोलकात्याच्या सोनागाछीत झाला. १९९२ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना तेथे पाहणीसाठी गेले. निरोधचा नियमित वापर त्या वेळी तीन टक्क्यांच्याही आत होता. जाना यांनी वस्तीतल्या स्त्रियांनाच शिक्षिका म्हणून नेमले. हिरवा अंगरखा घालून त्या दारोदार फिरू लागल्या. अंगरखा ही क्षुल्लक वस्तू वाटेल. परंतु ज्या स्त्रीला रस्त्यावर उभी राहिली तर पोलीस हटकीत, तिला त्यामुळे दिवसाढवळ्या चालण्याचे एक मान्य कारण मिळाले.

दारोदार फिरताना लवकरच असे लक्षात आले, की निरोधविषयीचा निर्णय एकट्या स्त्रीच्या हाती नसतो. ग्राहकाला नकार द्यायचा तर एका रात्रीची कमाई सोडावी लागते. कमाई सोडायची तर सावकाराचा हप्ता चुकतो. आणि हप्ता चुकला की नकार देण्याची शक्तीच उरत नाही. आरोग्याचा प्रश्न असा उलगडत कर्जाच्या प्रश्नापर्यंत आला. १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘उषा’ ही सहकारी संस्था. नोंदणीच्या वेळी अडचण आली ती सभासदाच्या नैतिक चारित्र्याविषयीच्या अटीची. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहून वाट काढावी, अशी सूचना झाली. स्त्रियांनी ती मानली नाही. अखेर राज्य शासनाला नियम बदलावा लागला आणि शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या हाती त्यांच्या स्वतःच्या नावाचे आणि खऱ्या व्यवसायाच्या नोंदीचे पासबुक आले.

या वस्तीतील तरुण पिढीशी दुर्बारचा जो संबंध जुळला, तो अधिक गुंतागुंतीचा आहे. वस्तीत नव्याने आलेल्या मुलीचे वय आणि संमती तपासण्यासाठी समितीने स्वयंनियामक मंडळे स्थापली. अल्पवयीन वा फसवून आणलेली मुलगी परत पाठवावी, असा त्यांचा दंडक होता. ज्या स्त्रियांकडे मुलींच्या व्यापारातील दुवा म्हणून पाहिले जाई, त्यांनीच त्या व्यापारावर पहारा ठेवण्याचा अधिकार मागितला. मानवी तस्करीविरुद्ध झटणाऱ्या अनेक संस्थांना हा दावा मान्य नाही. ज्या व्यवहारातून मुलींची खरेदी-विक्री होते, त्याच व्यवहाराला ‘काम’ म्हणून मान्यता देणे त्यांना धोक्याचे वाटते. हा वाद आजही मिटलेला नाही आणि तो सहज मिटेल असेही नाही. परंतु त्या वस्तीतील मुलांनी ‘आमरा पदातिक’ या नावाने आपली स्वतंत्र संघटना उभी केली, फुटबॉलचा संघ बांधला, हेही त्याच इतिहासाचे अंग आहे. डॉ. जाना २०२१ मध्ये कोविडने निवर्तले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक कामगारांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश दिले, त्यामागील शिफारशी करणाऱ्या समितीत दुर्बारचाही सहभाग होता.

महाराष्ट्रात सांगलीला हेच कार्य निराळ्या वळणाने गेले. १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने तेथे काम सुरू केले आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ आकाराला आली. या नावातील पहिला शब्द भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. सभ्य पर्याय उपलब्ध असताना या स्त्रियांनी ज्या शब्दाने त्यांना शिवी दिली जाई, तोच शब्द संघटनेच्या नावात अग्रभागी ठेवला. आरोग्याच्या कार्यक्रमाने त्यांना ‘लक्ष्यगट’ म्हटले होते. त्यांनी स्वतःला ‘परिषद’ म्हटले. लक्ष्याला आवाज नसतो. परिषद मात्र बोलण्यासाठीच भरते.

३

ईशान्येत परिस्थिती याहून उग्र होती. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून येणारे हेरॉईन मणिपूरमध्ये स्वस्त आणि सहज मिळे आणि शिरेतून ते घेणाऱ्यांत बहुसंख्य तरुण होते. १९८९ च्या उत्तरार्धात त्यांच्यात एचआयव्ही जवळजवळ आढळत नव्हता. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत तो सापडला. इतक्या वेगाने पसरणारा संसर्ग देशात तोवर दिसला नव्हता. कारण उघड होते. सुई बाळगणे हाच संशयाला पुरेसा पुरावा असल्यामुळे सुया कमी आणि हात अधिक, अशी स्थिती होती. पालक मुलांना स्वतः तुरुंगात धाडीत. काही सशस्त्र गट व्यसनी मुलांच्या पायांवर गोळ्या झाडीत. आणि हाती मशाली घेऊन दारू व व्यसनांविरुद्ध रात्रीचा पहारा देणाऱ्या मैरा पाइबी या स्त्रियांनाही ही मुले शत्रूच वाटत.

अशा वेळी इंफाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या तरुणांनीच पुढाकार घेतला. स्वच्छ सुया पुरवणे आणि वापरलेल्या परत घेणे, हे काम वरवर पाहता व्यसनाला हातभार लावणारे वाटे. ते का करायचे, हे त्यांना आईबापांना, चर्चला, पोलिसांना आणि पहारेकरी स्त्रियांना एकेका अंगणात जाऊन समजावावे लागले. मुलगा आज व्यसन सोडणार नसेल तर निदान तो उद्यापर्यंत जगावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याला हळूहळू मान्यता मिळत गेली आणि १९९६ मध्ये मणिपूरने आपले स्वतंत्र एड्स धोरण जाहीर केले. अपाय कमी करण्याचा हा विचार शासकीय धोरणात इतक्या लवकर आला, याचे श्रेय त्या अंगणांतल्या संभाषणांना द्यावे लागेल.

या तरुणांच्या कार्याची सर्वांत दूरची झेप मात्र त्यानंतर दिसली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार रोज एका डॉलरहूनही कमी खर्चात देऊ केला आणि जगभरच्या गरीब रुग्णांची आशा पालवली. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत उपचार सुरू केले. परंतु २००५ मध्ये पेटंटचा कायदा बदलला आणि स्वस्त औषधांचा हा झरा आटण्याची भीती निर्माण झाली. २००६ मध्ये मणिपूरमधील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेने राष्ट्रीय पातळीवरील संघटनेसह कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या संयुक्त औषधाच्या अर्जाला हरकत घेतली. त्याच वर्षी कंपनीने तो अर्ज मागे घेतला. भारतातील कारखान्यांवर त्या काळी आफ्रिकेतील असंख्य रुग्णांचे उपचार अवलंबून होते. इंफाळच्या गल्लीत सुई देता-घेता जो संघटनेचा संस्कार झाला, त्याचा लाभ अशा रीतीने समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांपर्यंत पोहोचला.

४

विसंगतीचा स्फोट झाला तो लखनौमध्ये. १९९४ मध्येच तिहार तुरुंगात निरोध वाटावेत ही सूचना प्रशासनाने फेटाळली होती आणि एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ते पुढे तडीस गेले नाही. २००१ च्या जुलैमध्ये लखनौ पोलिसांनी ‘भरोसा’ या संस्थेचे आणि तिच्या सहयोगी संस्थेचे कार्यकर्ते अटक केले. समलिंगी पुरुषांत आरोग्यशिक्षण देणे, हेच त्यांचे काम होते. त्यांची माहितीपत्रके अश्लील साहित्य म्हणून जप्त झाली आणि ते दीड महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिले. एका खात्याला जे कार्य हवे होते, तेच दुसऱ्या खात्याने गुन्हा ठरवले.

त्याच वर्षअखेरीस अंजली गोपालन यांच्या ‘नाझ फाउंडेशन’ने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. वकील होती ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’. गोव्याचा धागा येथे पुन्हा हाती येतो. याचिकेचा युक्तिवाद प्रतिबंधाच्या कार्यातूनच निघालेला होता: कायद्याच्या भीतीने माणसे लपतात आणि लपलेल्या माणसांपर्यंत आरोग्य पोहोचत नाही. सुनावणीत गृह मंत्रालयाने कलमाचे समर्थन केले, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्या कलमामुळे आपल्या कामात अडथळा येतो, असे प्रतिज्ञापत्र दिले. एकच शासन न्यायालयात परस्परविरुद्ध बाजूंनी उभे राहिले. २ जुलै २००९ चा निकाल याचिकेच्या बाजूने लागला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तोपर्यंत वाद आरोग्यापुरता राहिला नव्हता. तो प्रतिष्ठेचा आणि समतेचा झाला होता.

याच नाझ संस्थेने २००६ मध्ये दिल्लीतील गरीब वस्त्यांतल्या किशोरवयीन मुलींसाठी नेटबॉलचा खेळ सुरू केला. खेळानंतर शरीर, आरोग्य, एचआयव्ही आणि पैशांचे व्यवहार यांविषयी बोलणे होई. पुढे त्यांतल्याच काही मुली प्रशिक्षक झाल्या. घराबाहेर मोकळ्या मैदानावर धावण्याचा हक्क त्यांना एका विषाणूविरुद्धच्या कार्याने दिला, हे वाचायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

५

साहित्याच्या दृष्टीने पाहता या साऱ्याचा परिणाम कथनाच्या पुरुषावर झाला. मंटो यांच्या कथांत आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) या वस्त्या पूर्वीच आल्या होत्या आणि त्यांची दाहकता निर्विवाद आहे. परंतु तेथली स्त्री वा हिजडा स्वतः लेखणी घेऊन बसल्याचे उदाहरण विरळा. प्रतिबंधाच्या कार्यामुळे ज्यांना सभेत उभे राहून स्वतःविषयी बोलण्याचा सराव झाला, त्यांच्यातून नवे लेखक पुढे आले. केरळमधील लैंगिक कामगारांच्या चळवळीत पुढाकार घेणाऱ्या नलिनी जमीला यांचे आत्मचरित्र २००५ मध्ये मल्याळममध्ये आले. पहिल्या शब्दांकनात आपला आवाज नीट उतरला नाही असे वाटल्यामुळे त्यांनी त्याचे सुधारलेले रूप प्रसिद्ध केले. अनुभव स्वतःचा असला तरी वाक्यही स्वतःचे असावे, हा आग्रह वाङ्मयीनच म्हटला पाहिजे.

मराठीतही हे घडले. मुंबई परिसरातील हिजड्यांच्या आरोग्यकार्यातून पुढे आलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ २०१२ मध्ये प्रकाशित झाले. पुण्यात ‘समपथिक’ संस्था चालवणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी समलैंगिकतेवर मराठीत सातत्याने लिहिले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयांसाठी जी मराठी घडवली आणि जिच्यापायी खटले सोसले, तिचे वारस म्हणून या लेखनाकडे पाहता येईल. २००८ मध्ये ‘एड्स सूत्र’ या इंग्रजी संग्रहासाठी नामवंत लेखक या वस्त्यांत जाऊन आले. त्यांचे लेखन संवेदनशील आहे. पण पाहुण्याची नजर आणि घरच्याचा आवाज यांतील अंतर हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून वाचले की स्पष्ट होते.

६

या इतिहासाला विजयगाथेचे रूप देणे अन्यायाचे ठरेल. मोफत औषधे येईपर्यंत पहिल्या फळीतील कितीतरी तरुण कार्यकर्ते गेले होते. ज्यांच्या विश्वासावर कार्यक्रम उभे राहिले, त्यांना बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करावे लागले आणि देणग्यांचा ओघ आटला की त्यांचे कामही थांबे. रस्त्यावर जे बोलणे शक्य झाले, ते शाळेत झाले नाही: २००७ मध्ये किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी मनाई केली. आणि मणिपूर, नागालँड, मिझोराम या राज्यांत संसर्गाचे प्रमाण आजही देशात सर्वाधिक आहे. सुईचा प्रश्न तेथे नव्या पिढीपुढे उभाच आहे.

तरीही या कार्याने जे शिकवले, त्याचा एक ठसा कायद्यात उमटला. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने तयार केलेल्या मसुद्यापासून सुरू झालेला प्रवास २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स अधिनियमात पोहोचला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. भेदभावाला मनाई आणि संमतीशिवाय चाचणीला बंदी या त्याच्या ठळक तरतुदी. त्यात एक कमी चर्चिलेली तरतूद आहे. एचआयव्हीग्रस्त कुटुंबातील बारा ते अठरा वर्षांचे मूल पुरेसे समजदार असेल, तर धाकट्या भावंडाचे पालक म्हणून त्याला शाळाप्रवेश, बँकेचे खाते आणि औषधोपचार या बाबतींत मान्यता मिळू शकते. ज्याला सारे ‘जोखमीतले मूल’ म्हणून ओळखत होते, त्याच्यावर एक घर अवलंबून असू शकते, हे कायद्याने येथे मान्य केले. सोनागाछीच्या हिरव्या अंगरख्यातील स्त्रियांना आणि इंफाळच्या सुया गोळा करणाऱ्या मुलांना ते आधीच ठाऊक होते.